घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसासाठी सरकारी शुश्रूषा आणि पुनर्वसन सेवा: पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या घरांसाठी

घरातलं माणूस अपघाताने, पक्षाघाताने किंवा बळावत जाणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलं, की पहिले काही आठवडे औषधं, डायपर, जागरण आणि फोन यांतच निघून जातात. सरकारकडून घरपोच मदत मिळते असं कुणीतरी सांगतं. पण ती मागायची कुठे, घरी कोण येणार आणि येऊन काय करणार, हे कुणी नीट उलगडून सांगत नाही. जन्मापासून तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांच्या घरी गोष्ट थोडी वेगळी असते. मूल उचलून नेता येतं तोवर दवाखान्याच्या फेऱ्या होतात. त्याचं वजन वाढलं, आईची कंबर धरली, की फेऱ्या थांबतात आणि त्यांच्याबरोबर उपचारही थांबतात. हा लेख या दोन्ही घरांसाठी लिहिला आहे.

खात्यांची नावं आणि नियम देशागणिक बदलतात. कामाचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतो: अर्ज, घरी येऊन केलेली पाहणी, सेवेचा आराखडा, प्रत्यक्ष सेवा आणि काही महिन्यांनी फेरपाहणी. त्याच क्रमाने पुढे जाऊ.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तासभर येईल. उरलेले सगळे तास घरच्यांचे किंवा साहाय्यकाचे. म्हणजे पुनर्वसन खऱ्या अर्थाने होतं ते कूस बदलताना, अंघोळ घालताना, सदरा चढवताना, घास भरवताना. तज्ज्ञ घरी आला की त्याच्याकडून व्यायाम करून घेण्यापेक्षा ही रोजची कामं बरोबर कशी करायची ते शिकून घ्या. सेवा मागताना आणि वापरताना हे लक्षात ठेवलं तर मिळालेल्या थोड्या तासांचंही चीज होतं.

तुम्ही उपकार मागत नाही आहात

कार्यालयात पाऊल टाकताना अनेकांना संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचं १९वं कलम स्वतंत्रपणे आणि समाजात राहण्याच्या हक्काबद्दल आहे. त्यात घरी मिळणाऱ्या सेवा आणि वैयक्तिक साहाय्यक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २६वं कलम सांगतं की पुनर्वसन शक्य तितक्या लवकर सुरू झालं पाहिजे आणि अनेक विषयांच्या तज्ज्ञांनी मिळून केलेल्या मूल्यमापनावर ते उभं असलं पाहिजे.

देशोदेशीच्या कायद्यांत हे वेगवेगळ्या रूपांत उतरलं आहे. स्वीडनमध्ये १९९४पासून तीव्र अपंगत्व असलेल्यांना वैयक्तिक साहाय्यक मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. जर्मनीत १९९५पासून शुश्रूषा विमा आहे आणि २०१७पासून गरजेच्या पाच श्रेणी ठरवल्या आहेत. जपानमध्ये शुश्रूषा विमा २००० साली सुरू झाला; तो मुख्यतः वयस्करांसाठी असला तरी ठरावीक आजार असतील तर चाळिशीनंतरही लागू होतो. भारताच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३८व्या कलमात ‘उच्च साहाय्य’ लागणाऱ्या व्यक्तीला, किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणाला, अर्ज करण्याची सोय आहे. तुमच्या कायद्याचं नाव आणि कलम क्रमांक एका कागदावर लिहून अर्जासोबत ठेवा. खिडकीपलीकडच्या माणसालाही त्याचा उपयोग होतो, कारण पुष्कळदा त्यालाच तो नियम ठाऊक नसतो.

पायरी १: दोन दारं ठोठवा

घरपोच मदत जवळपास सगळीकडे दोन खात्यांत वाटलेली असते. परिचारिकेची भेट, फिजिओथेरपी, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, श्वासाची यंत्रं हे आरोग्य खात्याकडे. अंघोळ-कपड्यांसाठी साहाय्यक, भत्ता, घरातले बदल, घरच्यांना विसावा मिळावा म्हणून तात्पुरती सोय हे समाजकल्याण किंवा स्थानिक प्रशासनाकडे. व्हीलचेअर, हवेची गादी, होइस्ट (माणसाला झोळीत घेऊन उचलणारं यंत्र) अशी साधनं कधी इकडे, कधी तिकडे. बहुतेक कुटुंबं एकच दार ठोठावतात आणि तिथे नकार आला की सगळंच संपलं असं समजतात. दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करा. दुसरीकडे अर्ज केला आहे हेही दोन्हीकडे सांगा, नाहीतर फाइल ‘हे आमच्याकडे येत नाही’ या शेऱ्यावर अडकून पडते.

माणूस अजून रुग्णालयात असेल तर तुमच्या हाती मोठी संधी आहे. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि घरी सोडण्याच्या तारखेआधी तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मागा: घरी पहिली भेट कोण आणि कधी देणार, कोणती साधनं आधी घरी पोचणार, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. पलंग आणि गादी घरी पोचायच्या आधी माणूस घरी आला, तर पहिल्याच आठवड्यात पाठीवर जखम सुरू होऊ शकते. म्हणून डिस्चार्ज एक-दोन दिवस पुढे ढकलायला सांगण्यात काहीच गैर नाही.

पायरी २: सात दिवसांची नोंदवही

सगळ्या कागदांत सर्वांत वजनदार ठरतो तो तुम्ही स्वतः लिहिलेला कागद. सलग सात दिवस, रात्रीसकट, काय काय करावं लागलं ते लिहा. ‘सगळी मदत लागते’ या वाक्याला अर्जात काही किंमत नाही. ‘रात्री एक वाजता कूस बदलली, दोन माणसं लागली, पायांना झटके येत असल्याने वीस मिनिटं गेली’ या वाक्याला आहे. प्रत्येक कामापुढे किती माणसं, किती वेळ आणि ते केलं नाही तर काय होईल, एवढं आलं पाहिजे. वाईट दिवसही मोजा: ताप आला तो, झटके वाढले तो, पोट साफ झालं नाही तो.

पाहणीसाठी येणारे अनेक जण बार्थेल निर्देशांक वापरतात. १९६५ साली प्रसिद्ध झालेलं हे मोजमाप आहे. खाणं, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, शौचालय वापरणं, पलंगावरून खुर्चीवर जाणं, चालणं आणि जिने अशा दहा गोष्टींना मिळून ० ते १०० गुण. पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसासाठी ते चांगलं आहे. पण ज्याला मुळातच सगळ्यात मदत लागते त्याचे गुण शून्याच्या आसपासच राहतात. त्याला श्वास घ्यायला यंत्र लागतं का, बोलता येतं का, रात्रीत किती वेळा कुणी उठतं, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. तुमच्या नोंदवहीने ती उणीव भरून काढायची असते.

सोबतची कागदपत्रं सगळीकडे साधारण सारखीच: ओळख, रहिवास, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, रुग्णालयाचा सारांश, चालू औषधांची यादी, आणि व्यक्ती स्वतः सही करू शकत नसेल तर तिच्या वतीने कोण बोलणार याचा कायदेशीर कागद. प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात नेणं शक्य नसेल तर घरी येऊन तपासणी व्हावी, अशी विनंती लेखी करा. तोंडी विनंतीचं पुढे काही होत नाही. प्रत्येक अर्जाची तारखेची पोच घ्या. काही ठिकाणी लाभ अर्जाच्या तारखेपासून मोजतात; जर्मनीत तर अर्ज ज्या महिन्यात केला त्या महिन्यापासून हक्क धरला जातो. म्हणून एखादा कागद अपुरा असला तरी अर्ज आधी टाका, कागद मागून जोडा.

पायरी ३: घरी पाहणी होते त्या दिवशी

या दिवशी घरची माणसं हमखास एक गोष्ट करतात: घर आवरतात, माणसाला स्वच्छ कपडे घालून उशीला टेकवून बसवतात आणि स्वतःही हसतमुख राहतात. पाहुणा येणार म्हटल्यावर असं होणं साहजिक आहे. पण येणारा माणूस जे पाहील तेच लिहील. गादी, नळ्या, औषधांचा डबा, ओल्या चादरींचा ढीग जिथे असतो तिथेच राहू द्या. शक्य असेल तर पलंगावरून खुर्चीवर नेण्याचं काम त्याच्यासमोर करा.

दुसरी अडचण स्वाभिमानाची. ‘कपडे स्वतः घालता येतात का?’ या प्रश्नाला ती व्यक्ती ‘हो’ म्हणते, कारण डावी बाही तिला घालता येते. तिला मध्येच तोडू नका. तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या आणि मग पुढचं सांगा: बाही घालायला दहा मिनिटं लागतात, त्यानंतर ती थकते, उरलेले कपडे कुणीतरी घालावे लागतात. ‘जमतं’ याचा अर्थ सुरक्षितपणे, रोज आणि वाजवी वेळात जमतं, असा धरायचा. एवढं तुम्ही शांतपणे सांगितलंत तर बहुतेक अधिकारी ते मान्य करतात.

जिला बोलता येत नाही तिच्याशीही पाहणी करणाऱ्याने थेट बोललं पाहिजे. डोळ्यांची उघडझाप, मान हलवणं, अक्षरांचा तक्ता, जे काही तुमच्या घरात चालतं ते त्याला आधी समजावून द्या. व्यक्तीच्या डोक्यावरून तुमच्याशीच बोलणं सुरू झालं, तर त्याला सौम्यपणे तिच्याकडे वळवा. काय हवं आणि काय नको, हे तिचं आहे.

निघण्यापूर्वी त्याने काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. निकाल साधारण कधी कळेल तेही विचारा.

पायरी ४: आराखड्यात त्या व्यक्तीचं उद्दिष्ट असू द्या

मंजुरीनंतर सेवेचा आराखडा बनतो. त्यात ‘फिजिओथेरपी, आठवड्यातून एकदा’ एवढंच लिहिलं असेल तर तो अपुरा आहे. ती कशासाठी, हे लिहिलेलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली जे वर्गीकरण स्वीकारलं, त्यात अपंगत्वाकडे शरीरातला बिघाड, रोजच्या कृती, जीवनातला सहभाग आणि भोवतालची परिस्थिती या सगळ्यांचा मिळून विचार केला आहे. आराखड्याच्या भाषेत याचा अर्थ असा की ‘गुडघ्याची हालचाल वाढवणे’ हे उद्दिष्ट अर्धंच राहतं. ‘रोज दोन तास खुर्चीत बसून घरच्यांसोबत जेवता यावं’ हे पूर्ण उद्दिष्ट झालं, आणि गुडघ्याचं काम आपोआपच त्यात येतं.

चालणं परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर अनेक घरं पुनर्वसनावर पाणी सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं. वेदनेविना बसणं, एका बोटाने बटण दाबून हाक मारता येणं, छाती साफ राहणं, जखम न होणं, लघवीसाठी कुणाची वाट पाहावी न लागणं, यांतलं प्रत्येक पुनर्वसनातच मोडतं आणि त्यानेच दिवस बदलतो. बळावत जाणाऱ्या आजारात तर आहे ते जास्तीत जास्त काळ टिकवणं हेच उद्दिष्ट असतं. ‘सुधारणा दिसत नाही’ म्हणून सेवा बंद करायला निघाले तर हाच मुद्दा मांडा: थेरपी थांबल्यावर जे बिघडेल ते लिहून दाखवा.

पायरी ५: तज्ज्ञ घरी आले की काय शिकून घ्यायचं

*त्वचा.* इथे हयगय नको. कूस किती वेळाने बदलायची ते परिचारिकेकडून ठरवून घ्या. पूर्वापार नियम दर दोन तासांचा आहे, गादी आणि त्वचा पाहून तो कमीजास्त होतो. कुशीवर पूर्ण आडवं केलं तर सगळा भार कमरेच्या हाडावर येतो. त्यापेक्षा पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कललेलं ठेवणं चांगलं. टाचा गादीला टेकू देऊ नका. पोटऱ्यांखाली उशी ठेवली की त्या अधांतरी राहतात. माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहा. लाल डाग बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर जखमेची सुरुवात झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताला लागणारी ऊब, कडकपणा किंवा भोवतालपेक्षा गडद झालेला रंग शोधा. अशा जागी चोळू नका. खालची नाजूक झालेली त्वचा त्याने आणखी फाटते. मध्ये भोक असलेल्या गोल गाद्याही टाळा, त्यांच्या कडांनी भोवतालचा रक्तपुरवठा दबतो. व्हीलचेअरवर बसलेलं असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवला पाहिजे: पुढे वाकवून, बाजूला कलवून किंवा खुर्ची मागे झुकवून.

पलंगाचं डोकं फार उंच ठेवलं की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाजवळची त्वचा ओढली जाते. पण नळीतून किंवा तोंडाने अन्न देताना डोकं उंच हवंच. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. तुमच्या पलंगावर कुठल्या वेळी किती उंची ठेवायची, हे परिचारिकेला प्रत्यक्ष दाखवायला सांगा आणि पलंगाच्या कडेला खूण करून ठेवा.

*सांधे.* न हलणारा सांधा आखडतो आणि एकदा आखडला की अंघोळ, कपडे, डायपर सगळंच अवघड होतं. हालचाल सावकाश, दुखेल तिथे थांबून द्यायची. स्नायूंचे झटके येत असतील तर जोर लावू नका. हात-पाय तसेच धरून ठेवले की ताठरपणा थोडा उतरतो, मग पुढे जायचं. लुळा पडलेला हात धरून कधीही ओढू नका, अगदी कूस बदलतानाही. खांदा निखळल्यासारखा होतो आणि ती वेदना महिनोन्‌महिने राहते. सदरा घालताना दुबळ्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी. एवढं केलं तरी खांद्याची रोजची हालचाल होऊन जाते. आणि झटके अचानक वाढले तर औषध वाढवण्याआधी कारण शोधा: लघवीचा संसर्ग, भरलेलं मूत्राशय, बद्धकोष्ठ, नवी जखम, बोटात रुतलेलं नख. ज्याला वेदना जाणवत नाही त्याचं शरीर कधी कधी झटक्यांतूनच बोलतं.

*उचलणं.* जो माणूस पायांवर जराही भार घेऊ शकत नाही त्याला रोज हातांनी उचलणं कुणालाच झेपत नाही. होइस्टची मागणी पहिल्याच अर्जात करा. झोळी योग्य मापाची हवी. मोठी झाली तर माणूस निसटतो, लहान झाली तर मांड्या कापते. थोडा भार घेता येत असेल तर सरकफळी आणि सरकचादर, म्हणजे न उचलता सरकवून हलवायची गुळगुळीत फळी आणि चादर, पुरतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोर (रोजची कामं कशी करायची ते शिकवणारा तज्ज्ञ) तुम्ही स्वतः दोनदा करून दाखवा, मगच त्याला जाऊ द्या.

*गिळणं आणि श्वास.* जेवताना खोकला येणं, जेवल्यावर आवाज ओलसर घोगरा होणं, वारंवार छातीचा संसर्ग होणं ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची चिन्हं असू शकतात. काहींना खोकला न येताही ते जातं. स्पीच थेरपिस्टचं काम केवळ बोलण्यापुरतं आहे असा समज आहे. पण गिळण्याची तपासणीही बहुतेक ठिकाणी तेच करतात, म्हणून आराखड्यात त्यांचं नाव आहे का ते पाहा. भरवताना ताठ बसवायचं आणि नंतरही निदान अर्धा तास तसंच ठेवायचं. कफ ओढण्याचं यंत्र ज्याने प्रत्यक्ष शिकून घेतलं आहे त्यानेच वापरावं. साहाय्यकाला ती परवानगी आहे का, हे लेखी विचारा, कारण त्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात.

*लघवी आणि शौच.* कॅथेटरची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता. नळीला पीळ पडलेला नाही हे प्रत्येक वेळी कूस बदलल्यावर पाहायचं. शौचाची वेळ रोज ठरावीक ठेवली की शरीराला सवय लागते आणि साहाय्यकाची वेळही त्यानुसार मागता येते.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या घरी हा परिच्छेद सगळ्यांना पाठ असावा. अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहरा लाल होणं, इजेच्या वरच्या भागाला घाम, रक्तदाब एकदम चढणं, असं झालं तर तो जिवावरचा प्रसंग असतो. लगेच बसतं करा, कपडे आणि पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी दबली आहे का किंवा मूत्राशय भरलं आहे का ते पाहा. कारण सापडून लक्षणं ताबडतोब उतरली नाहीत तर रुग्णवाहिका बोलवा. अनेक डॉक्टरांनीही असा रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेला नसतो, म्हणून या अवस्थेचं नाव, ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया’, आणि हे उपाय लिहिलेलं कार्ड पलंगाशी अडकवून ठेवा.

एक पाय अचानक सुजून गरम होणं, धाप लागणं, शुद्धीत फरक पडणं, कॅथेटर असलेल्याला थंडी वाजून ताप येणं, यांतल्या कशासाठीही पुढच्या नेमलेल्या भेटीची वाट पाहायची नाही.

पायरी ६: साधनं मापाची

सरकारी योजनांत व्हीलचेअर पुष्कळदा वाटपाच्या कार्यक्रमात मिळते: एका मापाची, सगळ्यांना तीच. तीव्र अपंगत्व असलेल्याला तिचा फायदा होण्याऐवजी इजा होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: नोंद, मूल्यमापन, निवड, निधी आणि मागणी, खुर्चीची तयारी, अंगाला बसवून पाहणं, प्रशिक्षण, आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती. तुमच्याबाबतीत यांतल्या कुठल्या पायऱ्या वगळल्या गेल्या ते पाहा आणि त्यांची नावं घेऊन मागणी करा. बसण्याची रुंदी, पावलांच्या पट्टीची उंची, धडाला बाजूने आधार आणि दाब कमी करणारी उशी या चार गोष्टी तपासल्याशिवाय सही करू नका.

घरातले बदल मागताना मोजपट्टीने दारांची रुंदी, पलंगाभोवतीची जागा आणि उंबऱ्यांची उंची मोजून नकाशा काढा. विजेवर चालणारं श्वासाचं यंत्र किंवा हवेची गादी असेल तर वीजपुरवठा करणाऱ्यांकडे तशी नोंद करता येते का ते विचारा आणि पर्यायी बॅटरी किती तास चालते ते प्रत्यक्ष चालवून बघा.

पायरी ७: साहाय्यक घरात आल्यावर

पहिले काही दिवस तुम्ही सोबत राहा. कोणत्या क्रमाने अंघोळ, पाणी किती गरम, कुठल्या हाताला धरायचं नाही, हे त्या व्यक्तीने स्वतः सांगावं. बोलता येत नसेल तर आधी तिला विचारून लिहून ठेवावं. अंगावर पांघरूण ठेवून पुसणं, दार लावणं, हात लावण्याआधी ‘आता उजवा पाय उचलतो’ असं सांगणं, यांत तडजोड करू नका. स्त्रीला स्त्री साहाय्यक हवी असेल तर ती मागणी आराखड्यातच लिहा.

काम काय आणि काय नाही, याची यादी दोघांच्या सहीने ठेवा. साहाय्यक त्या व्यक्तीसाठी आलेला असतो. सगळ्या घराचा स्वयंपाक आणि भांडी त्याच्यावर लोटली की तिचे तास कमी होतात. उलट बाजूनेही डोळे उघडे ठेवा: अंगावर न सांगता आलेले वळ, त्याच्या येण्याच्या वेळी तिचं घाबरणं किंवा गप्प होणं, पैशांचा न लागणारा हिशेब. अशा वेळी तिच्याशी एकट्यात बोला आणि सेवा पुरवणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. साहाय्यक बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे.

पायरी ८: शुश्रूषा करणाऱ्याचं नाव अर्जात घाला

हे काम बहुतेक घरांत एकटी बाईच करते आणि तिचं स्वतःचं दुखणं कुठल्याच अर्जात येत नाही. काही कायदे तिची वेगळी दखल घेतात. इंग्लंडच्या २०१४च्या शुश्रूषा कायद्यात काळजी घेणाऱ्याला स्वतःच्या गरजांचं स्वतंत्र मूल्यमापन मिळण्याचा हक्क आहे. तुमच्याकडे तसं नसलं तरी नोंदवहीत तिची झोप, कंबरदुखी, सुटलेली नोकरी लिहा. विसाव्याची सोय, म्हणजे काही दिवस दुसऱ्याने घरी येऊन किंवा केंद्रात ठेवून काळजी घेणं, ती कोसळण्याची वाट न पाहता मागा. पहिल्यांदा थोड्या तासांसाठीच वापरून पाहा, म्हणजे अंथरुणावरच्या माणसालाही नव्या हातांची सवय होते.

नकार आला किंवा तास कमी मिळाले तर

निर्णय लेखी मागा, कारणासह. अपिलाची मुदत त्यातच लिहिलेली असते आणि ती थोडी असते. जर्मनीत एक महिना मिळतो. अपिलात रागाची पानं भरू नका. पाहणीच्या अहवालातलं एकेक वाक्य घ्या आणि त्यासमोर नोंदवहीतली तारीख ठेवा: ‘अहवालात रात्री मदत लागत नाही असं म्हटलं आहे, सोबतच्या सात रात्रींच्या नोंदी पाहाव्यात.’ डॉक्टरांचं पत्र घेताना ‘यांना काळजीची गरज आहे’ असं मोघम लिहून घेऊ नका. अमुक काम अमुक वेळा झालं नाही तर अमुक धोका, असं लिहून घ्या. दिव्यांग व्यक्तींच्या स्थानिक संघटनांत अशी अपिलं लढलेली माणसं भेटतात. त्यांच्या दोन तासांच्या बोलण्याने अनेक महिने वाचतात.

फेरपाहणी आणि पलंगाजवळचा कागद

मंजूर तास कायमचे नसतात. फेरपाहणीच्या आधी महिनाभर नोंदवही पुन्हा सुरू करा. पण नवी जखम झाली, रुग्णालयात राहावं लागलं, काळजी घेणारं माणूस आजारी पडलं किंवा गिळणं बदललं, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबायचं कारण नाही. परिस्थिती बदलली म्हणून लगेच फेरपाहणी मागता येते.

आणि आजच, अर्जाचा निकाल यायच्या आधीच, दोन पानांचा एक कागद तयार करा. पहिल्या पानावर आजार, औषधं आणि त्यांच्या वेळा, ॲलर्जी, नळ्यांचे आकार आणि शेवटची बदललेली तारीख, गिळण्याबाबतची सूचना, डॉक्टर आणि परिचारिकेचे फोन. दुसऱ्या पानावर ती व्यक्ती ‘हो’ आणि ‘नाही’ कसं सांगते, वेदना झाली की चेहरा कसा होतो, कुठल्या कुशीवर शांत झोपते, कशाने घाबरते. एक प्रत पलंगाशी, एक शेजाऱ्यांकडे आणि एक रुग्णालयाच्या पिशवीत.